‘कसं वाटतंय?’ विचारण्याआधी

‘मी हौस म्हणून शिकतेय, पोटापाण्यासाठी नाही. तरी कुणी काही बोललं की आठ-आठ दिवस डोक्यातून जात नाही. मग दाखवायचंच कशाला?’ समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला गाणं शिकणारे विचारतात, कविता करणारे विचारतात, चित्रं काढणारे तर हमखास विचारतात. इथे सांगते ती गोष्ट फोटो-मॅनिप्युलेशनची हौस असलेल्या एका बाईंची. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई पन्नाशीच्या आसपासच्या, नोकरी हिशेबाची. गिंप हे मोफत मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेऊन त्या रात्री बसून शिकायच्या. तीन-चार फोटो एकत्र करून जगात नसलेलं दृश्य उभं करायचं, हा नाद. अशीच हौस असलेल्या लोकांच्या एका ऑनलाइन गटात होत्या. तिथे लोक एकमेकांना युक्त्या सांगायचे, कामं दाखवायचे. दीड-दोन वर्षं सगळं मजेत चाललं होतं.

मग त्यांनी एक चित्र टाकलं. रात्रीचं जंगल, मधोमध हातात कंदील घेतलेली मुलगी. त्यावर खूप लाइक आले, आणि एकाने लिहिलं, ‘सावली कंदिलाच्याच बाजूला पडलीय. बेसिकच कच्चं आहे.’ त्या दिवसापासून बाईंनी सॉफ्टवेअर उघडलंच नाही. माझ्याकडे आल्या त्या झोपेची तक्रार घेऊन. हे प्रकरण तिसऱ्या भेटीत, जाता जाता, दारात उभं राहून निघालं. महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक वेळा दारातच निघतात.

पुढच्या वेळी मी म्हटलं, ‘ते चित्र दाखवता का?’ त्यांनी लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदा स्वतःहून पाच मिनिटं बोलत राहिल्या. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, आणि मास्क म्हणजे थराचा हवा तो भाग झाकणारा पडदा. मास्कवर काळा रंग फिरवला की त्या लेयरचा तेवढा भाग लपतो, पांढरा फिरवला की परत दिसतो, म्हणून खोडरबर वापरायचं नाही. खोडलं की गेलं, मास्क केलं की कधीही परत आणता येतं. मुलीचे केस कसे एकेक बट करून काढले, तेही दाखवलं. मला त्यातलं निम्मंच कळलं. पण बाईंचा चेहरा मात्र नीट कळत होता.

मी विचारलं, ‘त्या माणसाचं म्हणणं खरं आहे का?’

त्यांनी बराच वेळ चित्राकडे पाहिलं. ‘खरं आहे. मुलीचा फोटो दुपारचा होता. तिची सावली मूळ फोटोतून तशीच आली. कंदील मी नंतर घातला.’

‘म्हणजे सावली चुकली.’

‘हो.’

‘आणि तुम्ही?’

यावर त्या गप्प बसल्या. आमच्या सगळ्या भेटींचा गाभा त्या एका प्रश्नात होता.

मग मी त्यांना विचारलं की चित्र टाकताना त्यांनी सोबत काय लिहिलं होतं. लिहिलं होतं, ‘कसं वाटतंय?’ बस्स. वरवर हे दोन साधे शब्द, पण समोरच्याला मोकळं रान. तो सावलीबद्दल बोलेल, तुमच्या तयारीबद्दल बोलेल, तुमच्याबद्दलही बोलेल. आणि विचारणाऱ्याच्या मनातही तेव्हा खरा प्रश्न वेगळाच असतो: मला हे जमतं का, मी या गटात शोभते का. त्याचं उत्तर परक्या माणसाकडे मागितल्यावर तो सावलीबद्दल बोलला तरी आपल्याला ते स्वतःबद्दलच ऐकू येतं.

अव्रहाम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या दोन अभ्यासकांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचं आधीचं बरंचसं संशोधन एकत्र करून तपासलं होतं. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा कामगिरी उलट घसरली, असं त्यांना आढळलं. अभिप्राय जितकं लक्ष कामावरून उचलून माणसाच्या ‘मी’वर नेतो, तितका त्याचा उपयोग कमी होत जातो, असं त्यांचं स्पष्टीकरण. हे मी बाईंना सांगितलं आणि हेही सांगितलं की यात कौतुकसुद्धा सुटत नाही. ‘काय हात आहे तुमचा!’ हेही लक्ष हातावर नेतं, चित्रावर नाही. त्या हसल्या. ‘मॅडम, ते मात्र चालतं हो.’

चालतं, हे खरंच. मीही कुणाला कौतुक घेऊ नका असं सांगणार नाही. पण शिकायचं असेल तर विचारण्याची पद्धत बदलावी लागते. आम्ही ठरवलं ते इतकंच: चित्र अर्धवट असताना टाकायचं, लेयरसकट टाकायचं आणि एकच जागा दाखवून विचारायचं.

त्यांनी तेच जंगल पुन्हा उघडलं. जुनी सावली काढली, उलट्या बाजूला नवी रंगवली आणि गटात लिहिलं, ‘प्रकाश कंदिलातून येतोय असं धरून सावली केली आहे. तरी मुलगी जमिनीवर उभी वाटत नाही, तरंगतेय. का?’

आलेली उत्तरं त्या मला छापून दाखवायला घेऊन आल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, पायाला टेकते तिथे सावली गडद आणि काठाने स्पष्ट हवी, लांब जाईल तशी फिकी आणि धूसर. तुमची सगळीकडे सारखीच आहे, म्हणून ती तरंगते. दुसऱ्याने सुचवलं, चित्र थोडा वेळ कृष्णधवल करून बघा, मुलीतला काळा रंग मागच्या झाडांच्या काळ्यापेक्षा जास्त गडद आहे का ते लगेच कळेल. तिसऱ्याचं म्हणणं, चित्र आडवं उलटवून बघा, डोळ्याला सवय झालेल्या चुका उलट्या चित्रात दिसतात. सावलीवर टोकणाऱ्या पहिल्या माणसानेही लिहिलं होतं. कंदिलाचा पिवळा प्रकाश मुलीच्या गालावर आणि हाताच्या आतल्या बाजूला कुठे पडेल, हे त्याने चित्रावरच रेघा मारून दाखवलं होतं. माणूस तोच, फटकळही तेवढाच. या वेळी त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

सगळेच फटकळ लोक असे निघत नाहीत. काहींना दुसऱ्याला खाली बघायला लावण्यातच रस असतो, आणि त्यांना सरळ ब्लॉक करावं. त्यात कमीपणा काही नाही.

झोप सुधारली, पण लगेच नाही. रात्री अकरानंतर गट उघडायचा नाही असं ठरलं होतं, ते कधी पाळलं गेलं, कधी नाही. लाइक मोजणं आजही सुटलेलं नाही, हे बाई स्वतःच सांगतात. खरा फरक पडला तो त्या नवख्यांना शिकवू लागल्यावर. मास्कबद्दल कुणी विचारलं की त्या आपलीच जुनी फाइल लेयरसकट द्यायच्या, चुकलेल्या सावलीचीसुद्धा. दुसऱ्याच्या चित्रातली चूक शोधताना त्या माणसाबद्दल आपल्या मनात काहीच वाईट येत नाही, हे त्यांनी तिथे स्वतः अनुभवलं. मी चार भेटींत समजावून सांगून जे पोचलं नव्हतं, ते तिथे आपोआप पोचलं.

याच सुमारास त्यांनी मला ऑस्कर रेयलँडर या जुन्या काळच्या छायाचित्रकाराबद्दल सांगितलं. या माणसाने १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भलंमोठं चित्र केलं, आणि पुढच्या वर्षी लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीपुढे ते कसं केलं हे उलगडून सांगितलं. ‘कॉम्प्युटर नव्हता, तरी फाइल शेअर केलीच की त्याने!’ असं म्हणून त्या खूश झाल्या होत्या.

शेवटच्या काही भेटींत विषय वेगळाच निघाला. गटातल्या एकाने खासगी निरोप पाठवला: ओळखीच्या एका मुलीचा चेहरा दुसऱ्या फोटोवर बसवून द्या, गंमत म्हणून. बाईंनी नकार दिला, पण मग आपण उगाच ताठरपणा केला का, गटातले लोक काय म्हणतील, असं त्यांना वाटत राहिलं. इथे मात्र मी समुपदेशकाची नेहमीची ‘तुम्हाला काय वाटतं’ची भाषा बाजूला ठेवली. ज्या मुलीचा चेहरा वापरायचा, तिला विचारलेलं नाही, आणि विचारलं तर ती नाही म्हणेल हे मागणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. यात विचार करण्यासारखं काही नाही. गट चालवणाऱ्यांना कळवा, म्हटलं. त्यांनी कळवलं आणि त्या माणसाला काढलं गेलं. त्यानंतर बाईंनी नवख्यांसाठीच्या आपल्या टिपणात वरच्या बाजूला दोन ओळी घातल्या: वापरायला परवानगी असलेले किंवा स्वतः काढलेलेच फोटो घ्या, आणि चित्र जोडून केलेलं आहे हे चित्राखाली लिहा. मास्कची माहिती त्याच्या खाली सुरू होते.