२० हजारांत शॉर्ट फिल्मसाठी मॉनिटरिंग हेडफोन आणि माइक कोणते घ्यावेत? ब्लूटूथ हेडफोन चालतील का?

नाही चालणार.

तुम्ही लिहिलंय की मिररलेस कॅमेरा आहे, लेन्स भाड्याने आणणार आहात, आवाजासाठी २० हजार बाजूला काढलेत, आणि हेडफोन सध्या घरातलेच ब्लूटूथवाले वापरून सगळे पैसे माइकवर घालावेत असा विचार आहे. हा विचार सोडा. आधी हेडफोन घ्या, उरलेल्या पैशांत जो माइक येईल तो घ्या. माइक साधा असला तरी नीट ऐकणारा माणूस तो योग्य जागी नेऊन काम काढतो. भारी माइक आंधळेपणाने लावला तर तो फक्त चूक जास्त स्वच्छ रेकॉर्ड करतो.

साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत यायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. २५ फ्रेमने शूट करत असाल तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ओठ हलल्यावर चार-पाच फ्रेमनी शब्द ऐकू येणार. शिवाय गाणी ऐकायच्या हेडफोनमध्ये बास फुगवलेला असतो, त्याखाली खोलीतली घरघर लपते. नॉइज कॅन्सलेशनवाल्यांची स्वतःची एक बारीक हिस (सलग सूंऽ असा आवाज) असते. मग माइकची हिस कुठली आणि हेडफोनची कुठली, हे सांगता येत नाही.

घ्यायचे ते वायरवाले, बंद पाठीचे, पूर्ण कान झाकणारे. पाठ उघडी असलेले स्टुडिओत उत्तम, पण सेटवर बूमशेजारी (काठीच्या टोकाला लावलेल्या माइकशेजारी) उभं राहिलात की हेडफोनमधला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो. माझे सोनीचे एमडीआर-७५०६ आहेत. हे मॉडेल १९९१ पासून जवळपास तसंच विकलं जातंय आणि जगभरच्या लोकेशन साउंडवाल्यांच्या गळ्यात दिसतं. ६३ ओहमचे आहेत (ओहम कमी, तर कमी ताकदीवरही पुरेसे मोठे वाजतात), कॅमेऱ्याच्या किंवा छोट्या रेकॉर्डरच्या जॅकवर पुरेसे वाजतात. वेटोळ्याची वायर ताणली की ३ मीटरपर्यंत जाते. वरच्या पट्टीत ते थोडे टोकदार आहेत आणि आपल्याला तेच हवंय. साडीची सळसळ, लेपलवर (कपड्याला लावायच्या छोट्या माइकवर) घासणारं मंगळसूत्र, 'स'चा चटका, सगळं लगेच कानात खुपतं. गाद्यांचं काळं आवरण काही काळाने सोलतं, गाद्या बदलून मिळतात. नकली माल मात्र भरपूर आहे, त्यामुळे स्वस्तात मिळतात म्हणून कुठूनही उचलू नका.

तेवढे पैसे नसतील तर ऑडिओ-टेक्निकाचे एटीएच-एम२०एक्स. त्यांची वायर निघत नाही, तुटली तर सोल्डरिंग करावं लागेल, पण शिकायला आणि शूट निभवायला पुरे आहेत. मधला पर्याय एम४०एक्स, त्यांची वायर निघते. बायरडायनॅमिकचे डीटी ७७० घेणार असाल तर ओहम बघा. २५० ओहमवाले कॅमेऱ्यावर कुजबुजल्यासारखे वाजतील.

हे मी एवढ्या जोरात सांगतेय त्याला कारण आहे.

वाईच्या पुढे धोमच्या बाजूला एका गावात, जुन्या वाड्यात आम्ही एक छोटी फिल्म करत होतो. दिग्दर्शक माझा कॉलेजातला मित्र, कॅमेरामन आमच्याच बॅचचा. पैसे सगळ्यांनी मिळून घातलेले. त्यातला मोठा वाटा लेन्सच्या सेटवर आणि एलईडी पॅनेलवर गेला. आवाजाच्या रकान्यात रेकॉर्डर आणि बूम, बस. हेडफोन माझे मी नेले होते.

सीन साधा होता. आजी माजघरात तांदूळ निवडतेय. मुलाचा फोन येतो, यंदाही गणपतीला जमणार नाही म्हणतो. ती "बरं" म्हणते आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागते. त्या "बरं"मध्ये आणि त्याच्या मागून येणाऱ्या श्वासात सगळा सीन होता. आजीचं काम करणाऱ्या मावशी जुन्या रंगभूमीवरच्या, माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवलेल्या. तालमीत त्यांनी ते "बरं" इतकं आत ओढून म्हटलं की आम्ही सगळे गप्प झालो.

संध्याकाळी टेक लावला. मी हेडफोन घालून डोळे मिटून ऐकत होते आणि अगदी तळाशी एक सलग घुंऽऽ येत होतं. वाड्यातला फ्रिज आधीच बंद केलेला. पंखे बंद. विहिरीवरची मोटर बंद. मी थांबवलं. दिग्दर्शकाने कॅमेऱ्याला लावलेल्या मोबाइलच्या इअरफोनमधून ऐकलं आणि म्हणाला, "अगं, काहीच नाहीये. आणि असलंच तर नंतर काढता येतं की." कॅमेरामन म्हणाला, "लाइट लागलाय, साउंडसाठी किती वेळ थांबायचं?"

मी आवाजाच्या मागे मागे गेले. दोन आळ्या पलीकडे पिठाची गिरणी होती. गिरणीवाले काका भले माणूस. म्हणाले, "ताई, बाया दळण घिऊन उभ्या हायत, पट्टा कसा थांबवू? पण उद्या सकाळच्याला दुरुस्तीसाठी लाइट जाणार हाय. तवा घ्या की तुमचं शूटिंग."

संध्याकाळचे टेक दिग्दर्शक आणि कॅमेरामनने गिरणीसकट घेतले. मी हट्टच धरला की सकाळी एक टेक द्या. माजघरात खिडकी नाही, म्हणून लाइट नसताना सीन ओसरीवर आणावा लागला. कॅमेरामन त्यावर चिडला तो चिडलाच. मावशींना मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, "आता शांत झालं का गं?" आणि बसल्या. त्या टेकमध्ये तांदळाचा खडा ताटलीत टाकल्याचा आवाज आहे, लांबवर कोणीतरी गुराला हाकारल्याचा आहे आणि तो श्वास आहे.

एडिटला लॅपटॉपवर संध्याकाळचा टेक निवडला गेला, कारण तो दिसायला देखणा होता. मग एका हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर ट्रायल लावली आणि गिरणी सगळ्या हॉलभर पसरली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरची घरघर ५०, १०० आणि त्यांच्या पटीत बसते. लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या स्पीकरला इतकं खालचं जवळपास वाजवताच येत नाही. म्हणून तिथे ती "नसते". खालचा भाग फिल्टरने कापला तरी वरच्या पटी माणसाच्या आवाजातच मिसळलेल्या राहतात. त्या सॉफ्टवेअरने घासल्या तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. आम्ही घासून पाहिलं. मग मावशींना पुण्याला डबिंगला बोलावलं. त्यांनी मनापासून केलं. "बरं" आलं, ओठांवर बसलंही. श्वास आला नाही. बंद खोलीत, समोर तांदूळ नसताना, स्क्रीनकडे बघत तो कसा येणार? शेवटी सकाळचा टेक लागला. फिल्म दाखवली तेव्हा लोक त्याच जागी थांबले, ओसरी की माजघर हे एकानेही विचारलं नाही.

तो कॅमेरामन आजही भेटला की म्हणतो, साउंडपायी माझी सगळ्यात चांगली फ्रेम गेली. आणि पुढे ठरलेलं वाक्य असतं: मराठी सिनेमा वर्षानुवर्षं डब होत आला, कोणाचं काय अडलं? अडलं तर खूप. कित्येक चांगल्या नटांचं निम्मं काम डबिंगच्या खोलीत पुसलं गेलं. आणि छोट्या बजेटमध्ये सिंक साउंड (शूटच्या वेळीच रेकॉर्ड केलेला आवाज) जमत नाही हेही खरं नाही. ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत लोकेशन साउंडचा पुरस्कार 'ख्वाडा' या मराठी चित्रपटाला मिळाला. धनगर कुटुंबाची गोष्ट, उघडं रान, मेंढ्या, वारा, आणि पाठीशी कोणताही मोठा स्टुडिओ नाही. तिथे जमतं, तर बंद खोलीतल्या दोन माणसांच्या संवादाला डबिंग कशाला लागतं? तुमचा कॅमेरामन "नंतर बघू" म्हणाला तर त्याला हे सांगा. नंतर कोणीच बघत नाही.

आता माइक. थोडक्यात सांगते, कारण इथे सगळं तुमच्या सीनवर आहे. हेडफोन घेऊन उरलेल्या पैशांत झूमचा एच१एन किंवा टास्कॅमचा डीआर-०५एक्स यांच्या वर्गातला रेकॉर्डर आणि बोयाचा बीवाय-एम१ लेपल, एवढं बसतं. एम१च्या डबीवर बटण आहे, रेकॉर्डरला किंवा कॅमेऱ्याला लावताना ते कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवा. आत एलआर४४ सेल आहे, तो बॅगेत जास्तीचा ठेवा. लेपल मायक्रोपोर पट्टीने कपड्याच्या आत चिकटवा, वायरची एक छोटी गाठ खाली सोडा म्हणजे ओढ थेट माइकवर येत नाही. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. ऑटो गेन (रेकॉर्डरने आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणं) बंद. बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास खेळू द्या, ओरडण्याला जागा राहते. कॅमेऱ्याच्या माइकवर पायलट ट्रॅक (एडिटमध्ये जुळवणीपुरता आवाज) घ्या आणि प्रत्येक टेकला क्लॅप द्या, नाहीतर एडिटर तुम्हाला शिव्या घालेल. सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून अर्धा-एक मिनिट रूम टोन (कोणी बोलत नसताना त्या जागेचा आवाज) घ्या.

हेडफोन रेकॉर्डरला लावा, कॅमेऱ्याला नाही. जिथे रेकॉर्ड होतंय तिथलंच ऐकायचं. आणि सेटवर एकच माणूस असा ठेवा ज्याचं काम फक्त ऐकणं आहे. दिग्दर्शकाने एक कान फ्रेमकडे आणि एक कान फोनकडे ठेवून हे होत नाही.

सध्या बरेच जण सांगतात की ३२-बिट फ्लोटचा रेकॉर्डर घेतला की गेनही नको, हेडफोनही नकोत. झूमचा एच१ इसेन्शियल तसा आहे आणि चांगला आहे, बजेटमध्ये बसत असेल तर एच१एनऐवजी जरूर घ्या. आवाज फाटण्याची भीती बरीचशी जाते. पण गिरणी त्यात तितकीच रेकॉर्ड होते, घासणारी साडीही, आणि सैल झालेल्या वायरची खरखरही. त्यासाठी कानच लागतात.

शॉटगन माइक (समोरच्या दिशेचाच आवाज जास्त पकडणारा लांबट माइक) या पैशांत घेऊ नका. स्वस्तातला शॉटगन कॅमेऱ्यावर चढवून दोन मीटरवरून माणूस पकडण्यापेक्षा हजाराच्या घरातला लेपल छातीवर जास्त काम देतो. बूमच हवा असेल तर शूटच्या दिवसापुरता सेनहायझरचा एमकेई ६०० भाड्याने मिळतो का बघा. तो आतल्या सेलवरही चालतो, पण एक्सएलआरचा (मोठ्या तीन पिनांच्या वायरची जागा असलेला) रेकॉर्डर सोबत मागा, एच१एनला ती जागा नाही. खोली घुमत असेल तर गोधड्या टांगा. माइक बदलून घुमणं जात नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. ७५०६ वर शेवटचं मिक्सिंग करू नका, बासचा अंदाज चुकतो. व्हॉल्यूम एकदा ठरवला की दिवसभर तोच ठेवा. वाढवत गेलात तर कानही दुखतात आणि मोजमापही बिघडतं. मे महिन्यात बंद हेडफोनमध्ये कान उकडतात, टेकच्या मधे काढून ठेवा. तुम्ही फक्त मुलाखती किंवा व्लॉग करणार असाल तर एम२०एक्स आणि एक लेपल एवढ्यावर भागेल, बाकी पैसे वाचवा. आणि खिशात खरंच काही नसेल तर निदान मोबाइलचे वायरवाले इअरफोन रेकॉर्डरला लावा. गिरणी त्यात ऐकू येणार नाही, पण तुटकी वायर आणि संपलेला सेल तरी कळेल.

भाव दर महिन्याला बदलतात, म्हणून आकडे मोघम ठेवलेत. २० हजारांत बसत नसेल तर लेन्सचं भाडं एका दिवसाने कमी करा, हेडफोन कापू नका. माइकबद्दल नेमकं हवं असेल तर खोली केवढी आहे, सीनमध्ये किती जण बोलतात आणि आसपास काय काय वाजतं ते लिहा, मग सांगते.