गोव्यात रोड सायकलसाठी गर्दी नसलेला, जंगल आणि नदीकाठचा रस्ता कोणता?

दक्षिण गोव्यातला केपे–रिवण–नेत्रावळी. याच रस्त्याने जा.

केप्याहून रिवणपर्यंत कुशावती नदीच्या खोऱ्यातले चढउतार सौम्य आहेत. वाटेत पणसायमळला नदीकाठच्या जांभ्या दगडावर कोरलेली प्राचीन चित्रं आहेत, थोडं वळून ती बघाच. पुढे नेत्रावळीत गोपीनाथाच्या देवळापाशी बुडबुड्यांची तळी. पायऱ्यांवर शांत बसलात की तळातून वर येणारे बुडबुडे स्पष्ट दिसतात. पाय चांगले असतील तर तिथून वेर्ले गावाकडे जाणारा घाट चढा. चढ उभा आहे, गिअरच्या पुढच्या लहान चकतीला ३४ आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीला किमान ३२ दात हवेतच.

खरी काळजी उतारावर. सावलीतल्या वळणांवर पावसाळ्यानंतरही शेवाळ आणि ओला पाला राहतो, शिवाय कडेची तांबडी खडी रस्त्यावर येते. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात ब्रेक दाबू नका. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर, म्हणजे रिमवर, रबरी पॅड दाबणारा) असेल तर तांबडा चिखल पॅडमध्ये रुतून रिम घासतो. परतल्यावर पॅड काढून खडे टोकरून टाका. टायर २८ मिमी रुंद तरी हवा, ३२ उत्तम, आणि हवा नेहमीपेक्षा थोडी कमी.

दोन ट्यूब, पंप आणि दीड-दोन लिटर पाणी केप्यातूनच घ्या. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, पहाटे निघा. रविवार टाळा, नेत्रावळीजवळच्या धबधब्याकडे गाड्या येतात. चोर्ला घाट दिसायला सुंदर आहे, पण बेळगावची बरीच वाहतूक तिथून जाते.