एकाच कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या कुत्री सांभाळतात, असं आपल्याकडे खरंच कुठे आहे का?

आहे की! धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढपाळ कुटुंबांचा फिरता तळ, बघा. दिवाळीनंतर कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जातात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं आणि सोबतीला कुत्री. रात्री शेतात मेंढरं बसवली की वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, कुत्री पडून असतात. लांडग्याची चाहूल माणसाआधी त्यांनाच लागते.

पिल्लू मेंढरांतच वाढतं, त्यामुळे कोकराच्या अंगावर जात नाही. आज्याच्या कुत्रीचं पिल्लू बापाने वाढवलं, तिची पिल्लं आता नातू सांभाळतोय, असा दुहेरी वंश चालतो. चांगल्या राखणदार कुत्रीचं पिल्लू सोयरे आधीच सांगून ठेवतात. चुलीवरच्या भाकरीत त्यांचा वाटा धरलेलाच असतो.

यामागे श्रद्धाही आहे. अनेकांचं कुलदैवत खंडोबा, आणि त्याच्याजवळ कुत्रा असतोच.

शहरात जातिवंत पिल्लासाठी हजारो रुपये मोजतात, पण या राखणदारांना 'गावठी' म्हणून कुणी विचारत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या कामावरून निवडलेली जनावरं आहेत ती. रस्त्यात वाडा दिसला तर गाडी हळू घ्या, कुत्री मेंढरांच्या कडेनेच चालत असतात.