पहिला हिवाळा येण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला होता. तिला सगळी काळजी थंडीची. स्वेटर पुरतील का, कान बांधून जातेस का, बर्फात पाय घसरला तर काय. मी तिला म्हटलं, थंडीचं बघता येतं. चांगला कोट, पाणी आत न शिरणारे बूट आणि हातमोजे घेतले की बोस्टनची थंडी सोसवते. हे तिन्ही ऑक्टोबरातच घे, पहिल्या बर्फाची वाट बघू नकोस. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे तब्येत कमवायचे दिवस. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की नाशिकची माणसं पहाटे फिरायला निघतात. भूक वाढते, घरोघरी डिंकाचे लाडू वळले जातात, शेतावर हुरड्याचे बेत ठरतात, दुपारी ओसरीवर ऊन खात बसता येतं. आजारपण आपल्या डोक्यात पावसाळ्याशी जोडलेलं असतं. त्यामुळे तिकडून आलेली मुलं नोव्हेंबरात गाफील राहतात. इथला, बोस्टनचा हिवाळा माणसाला बाहेर काढत नाही, आत कोंडतो. खिडक्या बंद, हीटर चालू, आणि पाचजणींच्या घरात तीच ती हवा दिवसभर फिरत राहते. इथली बरीचशी दुखणी या बंद खोलीतून आणि अंधारातून येतात.

आधी अंधाराचं सांगते, कारण त्याबद्दल तुला कुणीच सांगितलेलं नसणार. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि त्या दिवसापासून संध्याकाळ एकदम अंगावर येते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोस्टनला सूर्य सव्वाचारच्या आत मावळतो. तू दुपारी लॅबमध्ये शिरशील आणि बाहेर पडशील तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असेल. नाशिकला त्याच दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हा पावणेदोन तासांचा फरक शरीराला फार जाणवतो.

काही जणांना या काळात खूप झोप येते, उठवत नाही, गोड आणि मैद्याचं खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. आपली मुलं याला आळस म्हणतात, नाहीतर घरची आठवण म्हणतात, आणि स्वतःला दोष देत बसतात. हा ओळखलेला आजार आहे. नॉर्मन रोझेंथाल नावाचे मानसोपचारतज्ज्ञ जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला आले आणि हिवाळ्यात आपली उमेद कमी होते हे त्यांना स्वतःवरूनच जाणवलं. पुढे १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतूशी बांधलेल्या नैराश्याचं पहिलं नीट वर्णन केलं आणि प्रखर प्रकाशाने ते कमी होतं हेही दाखवलं. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला हे आधी कळावं यात मला नवल वाटत नाही.

म्हणून तुला एकच नेम सांगते आणि तो मोडू नकोस: सकाळी उठल्यावर तासाभरात बाहेर पड, अर्धा तास चाल. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. जिमला जाणार असशील तर चालत जा. एवढं करूनही मन उचललं जात नसेल तर १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा मिळतो. सकाळी वीस-तीस मिनिटं तो समोर ठेवून वाचत बसायचं. डोळ्यांचा काही त्रास असेल किंवा मनाच्या आजारावर आधीपासून औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. आणि दोन आठवडे सलग कशातच रस वाटला नाही तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जायचं. मध्यरात्री फारच वाईट विचार आले तर ९८८ हा नंबर आहे, फोन किंवा मेसेज कर, चोवीस तास माणूस असतो. मला फोन केलास तरी चालेल. किती वाजलेत ते बघू नकोस.

उन्हाचीच आणखी एक गोष्ट. १९८८ साली इथल्याच संशोधकांनी दाखवून दिलं की नोव्हेंबर ते फेब्रुवारी बोस्टनच्या उन्हात त्वचेत ड जीवनसत्त्व तयारच होत नाही. सूर्य इतका खाली असतो की त्याचे उपयोगी किरण तिरप्या वाटेने येताना वातावरणातच शोषले जातात. म्हणजे जानेवारीत लख्ख ऊन पडलं आणि तू तासभर बाकावर बसलीस, तर मनाला बरं वाटेल, हाडांना काही मिळणार नाही. आपल्या सावळ्या त्वचेला मुळातच ऊन जास्त लागतं, आणि भारतातून येणाऱ्या कितीतरी मुलींचं प्रमाण तिथूनच कमी असतं. तुझ्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात एकदा रक्त तपासून घे. इथलं दूध बहुतेक ड जीवनसत्त्व घातलेलंच असतं, कपामागे साधारण १०० युनिट. रोजची गरज ६०० युनिटांची. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ४,००० च्या वर जायचं नाही.

हे मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या औषधांच्या पिशवीत ६०,००० युनिटच्या गोळ्या असणार. त्या आठवड्याला एक अशा डॉक्टर ठरावीक काळापुरत्या देतात. चुकून रोज घेतल्या तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. त्याच पिशवीत डोलो असेल, कॉम्बिफ्लॅम असेल, अझिथ्रोमायसिनची एखादी स्ट्रिप असेल. भारतातून येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या बॅगेत आई हे भरून देते आणि त्यात तिची माया असते. पण औषधांच्या काउंटरमागे उभं राहून मी जे बघते, त्यावरून काही गोष्टी तुला स्पष्टच सांगायला हव्यात.

डोलो म्हणजे पॅरासिटामॉल. इथे त्यालाच अ‍ॅसिटॅमिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल या नावाने ते विकतात. सर्दीवरच्या नायक्विल, डेक्विल या औषधांतही तेच असतं. कॉम्बिफ्लॅममध्येही ते आहेच. ताप आला की मुलं सकाळी डोलो घेतात, दुपारी कॉम्बिफ्लॅम, रात्री झोप यावी म्हणून नायक्विल, आणि आपण तीन वेगवेगळी औषधं घेतली असं समजतात. सगळं मिळून चोवीस तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर यकृताला धोका असतो. त्यात पार्टीत दारू झाली असेल तर धोका आणखी वाढतो. डब्यामागची बारीक अक्षरं वाचायची सवय लाव.

अझिथ्रोमायसिन सर्दीला किंवा फ्लूला घ्यायचं नाही. हे आजार विषाणूंचे असतात, प्रतिजैविकाने ते हलत नाहीत. नाक मोकळं करायला गोळी हवी असेल तर फिनाइलएफ्रिनवाल्या डब्यांवर पैसे घालवू नकोस. ते तोंडावाटे घेऊन उपयोग होत नाही असं एफडीएच्या, म्हणजे इथल्या औषध नियंत्रक संस्थेच्या, तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं आहे. उपयोगी औषध, स्यूडोएफेड्रिन, काउंटरमागे ठेवलेलं असतं. ओळखपत्र दाखवून मागायचं. हळदीचं दूध, आल्याचा काढा खुशाल घे, घशाला बरं वाटतं. फक्त वाफ घेताना उकळत्या पाण्याचं पातेलं पलंगावर, मांडीजवळ नेऊ नकोस.

आता लस. फ्लूची लस याच आठवड्यात घे. अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि इथे फ्लूचा जोर बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत ती होऊन जायला हवी. आपल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्याने तुला विद्यार्थी म्हणून विमा आहेच, त्यात ही लस सहसा फुकट मिळते. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. टोचायच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यामुळे फ्लू होत नाही. आणि तरीही फ्लू झालाच, म्हणजे अचानक सणकून ताप आला, अंग मोडून आलं, तर पहिल्या दोन दिवसांतच आरोग्य केंद्राला फोन कर. फ्लूवरचं औषध ४८ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा गुण सगळ्यांत चांगला येतो. दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवय आहे, परीक्षा जवळ आली की ती आणखीच बळावते. ती सोड.

ताप उतरून पुन्हा चढला, श्वास लागला, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ झाला, तर ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरवर फोन कर. तेव्हा बिलाचा विचार करायचा नाही. बिलाचं आपण नंतर बघू. रूममेटशी आजच ठरवून ठेव की कुणी आजारी पडली तर दुसरी सकाळ-संध्याकाळ दारावर टकटक करील, पाणी आणि मऊ भात दाराशी ठेवील. घरात पाचजणी राहतात आणि एक तापाने दोन दिवस पडून आहे हे कुणाला माहीतच नाही, असं इथे घडतं.

दिवाळीचा फराळ मनापासून खा. चार चकल्या आणि दोन करंज्यांनी तब्येत बिघडते हे मला मान्य नाही. इथे दिवाळीची सुट्टी नसते, सगळं शनिवार-रविवारवर ढकललं जातं, तेव्हा जो दिवस मिळेल तो नीट साजरा कर. खाण्यातला खरा धोका मोठ्या पातेल्याचा आहे. पंचवीस जणांसाठी केलेला रस्सा किंवा पुलाव रात्रभर ओट्यावर राहतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. पातेलं मोठं असलं की आतलं अन्न तासन्‌तास कोमट राहतं आणि त्यात ते वाढतात. अमेरिकेत याच्या साथी सर्वांत जास्त नोव्हेंबर-डिसेंबरातच होतात, सणांच्या जेवणांमुळे. टर्की असो की छोले, नियम एकच: दोन तासांच्या आत उथळ डब्यांमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवायचं, तीन-चार दिवसांत संपवायचं, खाताना वाफ येईपर्यंत गरम करायचं. भाताला तर हे जास्तच लागू आहे. बाहेर थंडीच आहे म्हणून पातेलं गॅलरीत ठेवणारी मुलंही मी पाहिली आहेत. तसं करू नकोस, दुपारच्या उन्हात झाकणाखाली ते चांगलंच तापतं. आणि उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस हिवाळ्यात फिरतो, त्याला हँड सॅनिटायझर फारसा पुरत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं.

घराबद्दल थोडं. थंडीच्या महिन्यांत घरात दिवसा ६८ आणि रात्री ६४ अंश फॅरनहाइट तापमान राखता आलं पाहिजे असा मॅसॅच्युसेट्सचा नियम आहे. हीटिंग बिघडलं आणि घरमालक टाळाटाळ करू लागला तर बोस्टन शहराच्या ३११ वर तक्रार कर. तोवर खोली गरम करायला गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवायचा नाही, कितीही गारठलात तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. घरातला अलार्म चालू आहे का ते या रविवारी बटण दाबून बघ.

सगळ्यांत अवघड दिवस सुट्ट्यांचे. परीक्षेच्या धावपळीत माणूस तगून राहतो. परीक्षा संपते, इथली मुलं आपापल्या घरी जातात आणि कॅम्पस रिकामा होतो. थँक्सगिव्हिंग हा इथला मोठा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. त्या दिवशी आणि ख्रिसमसला या राज्यात कायद्यानेच सुपरमार्केट बंद असतात, तेव्हा आदल्या दोन दिवसांत दूध, भाजी, डाळ-तांदूळ भरून ठेव. विद्यापीठाचं आरोग्य केंद्र सुट्टीत कधी उघडं आहे तेही आधीच बघून ठेव. त्या दोन-तीन आठवड्यांत जेवणाच्या वेळा सुटतात, रात्री तीनपर्यंत फोन चालतो, दुपारी उठणं होतं, आणि मग दिवसाचा जो काही तुटपुंजा उजेड असतो तोही झोपेत जातो. कुणी घरी जेवायला बोलावलं तर संकोच करू नकोस, जा. इथली माणसं थँक्सगिव्हिंगला बोलावतात तेव्हा मनापासून बोलावतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांना जा, संक्रांतीच्या हळदीकुंकवालासुद्धा. सुट्टीतही रोज एखाद्या माणसाशी समोरासमोर बोलणं व्हायला हवं. व्हिडिओ कॉल त्यात धरू नकोस.

यंदाच्या थँक्सगिव्हिंगला माझ्याकडे ये. टर्की नसेल. भरली वांगी, बाजरीच्या भाकरी आणि भोपळ्याचे घारगे असतील. रॉक्सबरी क्रॉसिंगहून ऑरेंज लाइनने थेट माल्डनला उतर. त्या दिवशी गाड्या रविवारच्या वेळापत्रकाने धावतात, तेव्हा वेळ हातात ठेवून निघ. दुपारी लवकर आलीस तर उजेड असताना माल्डनजवळच्या फेल्स नावाच्या रानात फिरून येऊ. रूममेटनाही आण. कुणाला खोकला-ताप असेल तर तिने घरीच थांबावं, तिचा डबा मी तुझ्याबरोबर भरून देईन. आणि येताना ती औषधांची पिशवी घेऊन ये. जेवण झाल्यावर एकेक गोळी बघून कोणती ठेवायची, कोणती टाकायची ते लिहून देते.

लस घेतलीस की मेसेज कर.

तुझी,
काकू