वाचकांचे प्रश्न : विद्युत स्थिरता घसरली, आता काय करावे?

प्रश्न : कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्रातल्या विहिरीवर मी मडच्या (खोदताना विहिरीत फिरवल्या जाणाऱ्या द्रवाच्या) कामावर नुकताच रुजू झालो आहे. आमच्या तेलाधारित मडची विद्युत स्थिरता (मडमधून वीज वाहू लागते ते व्होल्टेज) काही दिवसांत सुमारे ७०० व्होल्टवरून ४०० वर आली. इमल्सिफायर (तेलात पाण्याचे थेंब टिकवणारे रसायन) वाढवले की भागेल, असे सहकारी म्हणतात. ते योग्य आहे का?

उत्तर : कारण सापडेपर्यंत इमल्सिफायर वाढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या मडमध्ये तेलात कॅल्शियम क्लोराइडच्या खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब विखुरलेले असतात आणि मेदाम्लांपासून चुन्याच्या साहाय्याने तयार होणारा कॅल्शियमचा साबण त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. चाचणीत ५० अंश सेल्सिअसला व्होल्टेज चढवत नेतात आणि प्रवाह ६१ मायक्रोअँपिअरला पोहोचताच आकडा नोंदवतात. तेल-पाण्याचे प्रमाण, घन कण, थेंबांचा आकार अशा अनेक गोष्टींनी तो बदलत असल्यामुळे ४०० या एका आकड्यावरून मड बिघडला असे म्हणता येत नाही. टाकीत नवा मड मिसळला असला, तरीही हा आकडा उतरतो, कारण बिटच्या (खडक कापणाऱ्या टोकाच्या) नोझलमधून गेल्याशिवाय नव्या मडमधले थेंब पुरेसे बारीक होत नाहीत.

म्हणून प्रथम उच्च तापमान व दाबावरील गाळणी चाचणीत मडमधून गळून आलेला द्रव नळीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवावा. तळाशी पाण्याचा थर दिसला, तर इमल्शन (तेल आणि पाण्याच्या थेंबांचे मिश्रण) खरोखर फुटते आहे. नुसते तेल असेल, तर घाईचे कारण नाही. मग रिटॉर्टमध्ये (मड तापवून तेल, पाणी व घन भाग वेगळे मोजणाऱ्या उपकरणात) पाण्याचे प्रमाण पाहावे. ते वाढले असेल, तर खडकातून खारे पाणी येते आहे की डेकवर धुण्याच्या नळीचे पाणी टाकीत जाते आहे, याचा शोध घ्यावा. पाणी तेवढेच असून शिल्लक चुना घटला असेल, तर कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड तो खात असण्याची शक्यता मोठी. तिथे आधी चुनाच हवा, आणि हायड्रोजन सल्फाइडचा संशय असेल तर माणसांच्या सुरक्षिततेचा इशारा त्याहूनही आधी. शेकरच्या (मडमधले खडकाचे तुकडे चाळणाऱ्या यंत्राच्या) जाळीवरही नजर हवी : मडची चकाकी जाऊन तो रवाळ दिसू लागला आणि बॅराइट (मड जड करण्यासाठी घातलेली खनिज भुकटी) गोळ्या होऊन जाळीला चिकटू लागले, तर घन कण पाण्याने भिजले आहेत व त्यांना पुन्हा तेलाने भिजवणारे रसायन लागेल.

उथळ पाण्यातल्या मुंबई हायपेक्षा आपल्याकडे अंदाज चुकल्याची किंमत जास्त आहे. कृष्णा-गोदावरीच्या डी-६ क्षेत्रात काही ठिकाणी पाण्याची खोली २,००० मीटरपेक्षा अधिक आहे. अशा तळाशी तापमान जेमतेम ४ अंशांच्या आसपास असते, तर विहिरीच्या बुडाशी ते कित्येक पटींनी चढते. अनावश्यक इमल्सिफायर आणि साचलेले बारीक कण थंड रायझरमध्ये (समुद्रतळापासून वर येणाऱ्या नळीत) मड घट्ट करतात, फिरवताना दाब वाढतो, आणि खडकातील द्रवाचा दाब व खडक फुटण्याचा दाब यांतले अंतर मुळातच कमी असल्याने मड खडकात हरवू लागतो. उलट पातळ करण्याच्या नादात जेल (स्थिर असताना घन कण तरंगत ठेवण्याची मडची क्षमता) गमावली, तर तिरप्या विहिरीत बॅराइट खाली बसते.

तेव्हा टाकीला हात लावण्याआधी चुना, भिजवणारे रसायन आणि इमल्सिफायर यांच्या वेगवेगळ्या मात्रा घालून छोटे नमुने करावेत, बुडाच्या तापमानाला १६ तास रोलर ओव्हनमध्ये फिरवावेत आणि नंतर गाळणी, थंड तापमानातली श्यानता (घट्टपणा) व विद्युत स्थिरता तिन्ही तपासावीत. गाळणीत पाणी न येऊ देणारी सर्वांत कमी मात्रा निवडावी, आणि तीही एकदम न ओतता मडच्या एक-दोन पूर्ण फेऱ्यांत हळूहळू मिसळावी.