पहिल्यांदाच नाटकाला जातोय, पहिली रांग घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की घरची पाच माणसं पहिल्यांदाच नाटकाला निघालीत, मोबाइलवर खुर्च्यांचा प्लॅन उघडलाय, पहिली रांग अजून मोकळी आहे आणि आईंना ऐकायला जरा कमी येतं. तेव्हा पहिलीच रांग घेऊन टाकावी का?

नको. आईंसाठीसुद्धा नको.

मी काही वर्षं हौशी नाटकांचे दिवे सांभाळले आहेत, त्यामुळे नाटक बरंचसं मागून आणि बाजूनं पाहिलंय. तिकीट काढून पहिल्या रांगेत एकदाच बसलो, तेही हौसेनं. दुसऱ्या अंकात नायिकेच्या हातून एक पत्र खाली पडतं आणि पुढची दहा मिनिटं कुणी ते उचलत नाही. सगळ्या प्रसंगाचा जीव त्या कागदात. मला तो दिसलाच नाही; नायकाचे बूट मात्र छान दिसत होते, नवे होते. कारण अगदी साधं आहे. रंगमंच जमिनीपासून साधारण १ मीटर उंच असतो आणि खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे १.१ ते १.२ मीटरवर. म्हणजे पहिल्या रांगेतली नजर फळ्यांना चाटून जाते. फळ्यांवर पडलेली वस्तू, बसलेलं पात्र, मागच्या भागातली हालचाल, हे सगळं पुढे उभ्या असलेल्यांच्या पायांत हरवतं. शिवाय दोन पात्रं दोन टोकांना उभी राहिली की मान टेबलफॅनसारखी फिरवत बसायचं.

मग कुठे बसायचं? रंगीत तालमीला दिग्दर्शक कुठे बसतो ते आठवा, किंवा कुणा नाटकवाल्याला विचारा. बहुतेक वेळा प्रेक्षागृहाच्या मध्यावर टेबल टाकून, शेजारी प्रकाशयोजना करणारा. कोण कुठे उभं राहील, दिवा कुठे पडेल, हे त्या खुर्चीतून डोळ्यांना पटलं की पक्कं होतं. ही रीत जुनी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीतल्या दरबारी नाट्यगृहांत पडद्यांवर रस्ते आणि इमारती यथार्थदर्शनानं, म्हणजे जवळचं मोठं आणि लांबचं लहान दाखवत, रंगवायचे, आणि ते चित्र बरोबर जुळायचं ते राजाच्या आसनावरून. बाजूला बसलेल्या मानकऱ्यांना त्याच इमारती कललेल्या दिसायच्या. मी प्लॅनवर ते राजाचं आसन शोधतो, आणि बोलकं नाटक असेल तर तिथून दोन-तीन रांगा पुढे सरकतो. पाचवी ते आठवी रांग, मधला भाग. रंगमंचापासून २० मीटरच्या पलीकडे गेलं की चेहऱ्यावरचे बारकावे पुसट होतात. दोन रांगांत साधारण ९० सेंटिमीटर अंतर धरलं, तर विसाव्या रांगेच्या आसपास तुम्ही ती मर्यादा गाठता.

बाजूच्या खुर्च्यांबद्दल बहुतेकांचा अंदाज उलटा असतो. डावीकडे बसलो तर उजवीकडचं दिसणार नाही, असं वाटतं. होतं भलतंच: रंगमंचाच्या दर्शनी चौकटीच्या, म्हणजे कमानीच्या, बाहेर डावीकडे बसलात, तर कमानीची डावी कड आडवी येते आणि रंगमंचाची डावीच बाजू, विशेषतः मागचा कोपरा, झाकला जातो. तिथे दार असेल तर पात्रं अचानक उगवल्यासारखी येतात. आणि उजव्या विंगेत पाण्याची बाटली घेऊन ताटकळणारा नट फुकटात दिसतो. म्हणून कमानीच्या रुंदीच्या आत राहा. प्लॅनवर रंगमंच वर काढलाय की खाली, तेही बघून घ्या. खाली असेल तर चित्रातली डावी बाजू ही बसल्यावर तुमची उजवी असते. यात मी स्वतः फसलोय.

पुढच्याचं डोकं आड येणं हा नशिबाचा भाग वाटतो, पण थोडा मोजता येतो. डोळ्यांपासून टाळूपर्यंत साधारण १२ सेंटिमीटर. प्रत्येक रांग मागच्याला तेवढी उंची देत असेल तर पुढे कुणीही बसो. जमीन सपाट असेल, तर खुर्च्या एकाआड एक सरकवलेल्या आहेत का ते पाहा, म्हणजे दोन डोक्यांच्या मधून दिसतं. सपाट सभागृहात ऐकूही कमी येतं, कारण डोक्यांवरून घासत जाणारा आवाज माणसं आणि गाद्या शोषून घेतात.

बाल्कनी वाईट नाही. नाच, मोठा समूह, जमिनीवर रेखलेला प्रकाश असं काही असेल तर वरूनच बघावं. पहिल्या रांगेत मात्र कठडा नेमका डोळ्यांसमोर येऊ शकतो, दुसरी-तिसरी बरी. टाळायचं ते बाल्कनीच्या खाली, अगदी मागे. तिथे नेपथ्याचा वरचा भाग कापला जातो आणि आवाज कांबळ्यातून आल्यासारखा येतो.

आता आईंचं. ‘स्पीकरजवळ बसवा’ असं कुणी सांगेल, ऐकू नका. ज्या दिशेनं आवाज आधी पोचतो, तिकडेच बोलणारा आहे असं कान धरून चालतो. ध्वनीचे अभ्यासक हेल्मुट हास यांचा यावरचा निबंध १९५१ साली प्रसिद्ध झाला आणि हा परिणाम आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. स्पीकरशेजारी बसलं की माणूस बोलतो समोर आणि ऐकू येतं भिंतीतून. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं नकळत ओठही वाचतात, त्यामुळे त्यांना आवाज आणि चेहरा एकाच दिशेला हवा. चौथी-पाचवी रांग, मध्यावर. श्रवणयंत्र असेल तर सभागृहात फोन करून ‘लूप’ आहे का विचारा. असला तर यंत्रातली ‘टी’ची सोय चालू केली की आवाज थेट यंत्रात येतो.

हे सगळं कमानीच्या रंगमंचाचं. प्रेक्षक चारही बाजूंनी बसणार असतील आणि नट जमिनीवरच वावरणार असतील, तर खुशाल पहिली रांग घ्या.

पाच खुर्च्या सलग मिळाल्या नाहीत तर बाजूला सरकू नका. दोन पुढच्या रांगेत, तीन बरोबर मागे, अशा काढा. पुढच्या दोनांपैकी मध्याकडची आईंना द्या, आणि घरातला सगळ्यात उंच माणूस मागच्या तिघांत बसवा.