चूक समोरच्याची, तरी क्लेम आपल्याच पॉलिसीत?

अरे मित्रा, आधी एक गोष्ट डोक्यात फिट कर, आपल्याकडे मागून कोणीही ठोकलं तरी गाडी लवकर नीट करून हवी असेल तर क्लेम आपल्याच कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीच्या ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) टाकावा लागतो, समोरच्याच्या थर्ड पार्टीतून (दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा विमा) पैसे काढायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, वकील, तारखा, म्हणजे बंपरसाठी कोर्टाच्या पायऱ्या. आणि हो, चूक तुझी नसली तरी एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो! मला हे कळलं तेव्हा जाम डोकं फिरलेलं. ५०% एनसीबी असेल आणि काम चार-पाच हजारांचंच असेल तर खिशातून केलेलं परवडतं, आधी गणित मांड. एनसीबी प्रोटेक्ट (क्लेम केला तरी ही सूट टिकवणारं जादा कव्हर) घेतला असेल तर सहसा प्रश्न येत नाही.

माझ्या वेळी सिग्नलला टेम्पोने मागून दिली, गॅरेजवाल्याने सर्व्हेअर (नुकसान तपासायला कंपनी पाठवते तो माणूस) यायच्या आधीच बंपर काढून कोपऱ्यात टाकला आणि मग जुनं नुकसान की नवं यावर आठवडाभर वाद. तू सर्व्हे होईपर्यंत स्क्रूलाही हात लावू देऊ नकोस, समोरच्याच्या नंबर प्लेटसकट फोटो काढ, कंपनीला लगेच कळव. झीरो डेप (पार्ट जुने झाल्याची घट न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लॅस्टिकच्या पार्टचे ५०% कापतात, त्यावर भांडून उपयोग नाही, ते नियमातच आहे.

बाकी क्लेमच्या रकमेत कटिंग का केलं ते कंपनीकडून ईमेलवर लेखी माग, फोनवरचं कोणाला आठवत नाही. कंपनीकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत धड उत्तर आलं नाही तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जा, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.